भिंतीवरचा पोर्टफोलिओ

"तू तिच्याकडेच आहेस ना गं? मग समजाव तिला जरा. फ्लॅटसाठी साठवलेले पैसे ही पोरगी चित्रात घालायला निघालीये!"

कोल्हापूरहून मावशीचा फोन. वॉर्सात सकाळचे साडेसहा, बाहेर ऑक्टोबरातला काळोख, आणि मला पोलंडमध्ये उतरून जेमतेम दहा तास झालेले. 'हो मावशी, बोलते मावशी' करत मी फोन ठेवला. जिच्याबद्दल हे चाललं होतं ती पोरगी स्वयंपाकघरात शांतपणे चहा गाळत होती. वय वर्षं ३४, एका बँकेच्या बॅक ऑफिसात टीम लीड, गेली आठ वर्षं मुक्काम वॉर्सा. माझी मावसबहीण. मी तिला ताई म्हणते आणि पैशांच्या बाबतीत पहिल्यापासून तिचंच ऐकते. माझी पहिली एसआयपीसुद्धा तिनेच चालू करून दिली होती. म्हणून तर धक्का जरा जास्तच बसला.

"किती घालतीयेस?"

"पंधरा हजार झ्लॉटी. सगळं धरून. त्याच्या वर एक दमडी नाही."

म्हणजे आपले साधारण साडेतीन लाख. नवी कोरी स्कूटर घेऊन वर गोव्याच्या चार ट्रिपा होतील एवढे. आणि बदल्यात काय, तर हातभर कागदावरचं एक जलरंगातलं चित्र. यान तारासिन नावाच्या चित्रकाराचं. जन्म १९२६, मृत्यू २००९. मी हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मावशीला मात्र पूर्वेतिहास ठाऊक होता, म्हणून तिचा जीव वरखाली होत होता. तीन वर्षांपूर्वी ताई एकदा पोळली होती. वॉर्सातल्या एका चकचकीत गॅलरीत वाईनचा ग्लास हातात देऊन तिला एका तरुण चित्रकाराचा भला मोठा कॅनव्हास विकण्यात आला. किंमत नऊ हजार झ्लॉटी. सोबत लॅपटॉपवर एक वर चढत जाणारा ग्राफ, आणि 'दोन-तीन वर्षांत तीस टक्के तर कुठेच गेले नाहीत' हे तोंडी आश्वासन. गेल्या वर्षी घर बदलताना तिने तो विकायला काढला. गॅलरीने हात वर केले, आम्ही परत घेत नाही म्हणाले. शेवटी एका लिलावात तो १,६०० ला गेला. कमिशन कापून ताईच्या हातात आले चौदाशे आणि काही. एक्सेलमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईला ग्राफ दाखवून गंडवलं, याचं तिला पैशांपेक्षा जास्त लागलं.

"मग परत कशाला त्या भानगडीत?" मी विचारलं.

"कारण तेव्हा मी चित्र बघितलंच नव्हतं. ग्राफ बघितला होता," ती म्हणाली. "चल, आवर. तुला चित्रं दाखवते."

चित्रं दाखवायला ती मला आधी मेट्रोत घेऊन गेली! वॉर्सा मेट्रोच्या दुसऱ्या लाईनचा मधला टप्पा २०१५ साली सुरू झाला. तिथल्या स्टेशनांवर रुळांपलीकडच्या भिंतीवर स्टेशनचं नाव एवढ्या प्रचंड, रंगीत, वळणदार अक्षरांत लिहिलंय की गाडी चुकली तरी वाईट वाटू नये. ही करामत वोइचेख फांगोर या चित्रकाराची. तेव्हा त्याने नव्वदी ओलांडली होती, आणि त्याच वर्षी तो गेला. कडा विरघळत जाणारी रंगीत वर्तुळं रंगवणारा हाच फांगोर साठच्या दशकात अमेरिकेत गेला आणि १९७० साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये एकट्याचं प्रदर्शन भरवणारा पहिला पोलिश चित्रकार ठरला. त्याच्या वर्तुळांवर आता दशलक्ष झ्लॉटींमध्ये बोल्या लागतात. मेट्रोचं तिकीट मात्र तुमच्या-माझ्या खिशाला परवडणारं.

दुकान सरकारी, चित्रं अ‍ॅबस्ट्रॅक्ट

पोलंडच का, हा प्रश्न मला छळत होता. पॅरिस समजू शकते, न्यूयॉर्क समजू शकते. पोलंड?

याचं उत्तर तिथल्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जवळजवळ जमीनदोस्त झालं. मग कम्युनिस्ट राजवट आली आणि १९४९ मध्ये फर्मान निघालं की चित्रं समाजवादी वास्तववादाचीच काढायची. ट्रॅक्टर, कामगार, हसरे शेतकरी वगैरे. न जुमानणाऱ्यांचं काय झालं? वूच शहरातल्या व्वादिस्वाव्ह स्त्शेमिन्स्कीचं घ्या. पहिल्या महायुद्धात एक हात आणि एक पाय गमावलेला हा माणूस. जी कलाशाळा उभी करण्यात त्याचा हात होता, तिथूनच १९५० मध्ये त्याला काढून टाकलं. तीन वर्षांच्या आत तो गेला. आंजेय वायदाचा शेवटचा सिनेमा याच माणसावर आहे.

पण पोलंडमध्ये ही सक्ती फार टिकली नाही. स्टालिन गेल्यावर, १९५६ च्या सुमाराला बर्फ वितळलं आणि शेजारच्या देशांत ज्याला परवानगी मिळत नव्हती ती अमूर्त चित्रकला इथे उजळ माथ्याने चालू झाली. इतकी, की १९६१ साली न्यूयॉर्कच्या 'मोमा'ने पंधरा पोलिश चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं. आता गंमत बघा. चित्रं जगाच्या तोडीची, आणि बाजार? तो सरकारी! चित्रं आणि अँटिक वस्तूंच्या व्यवहारासाठी सरकारने १९५० मध्ये 'देसा' नावाची संस्था काढली होती. खुली स्पर्धा नाही, श्रीमंत गिऱ्हाईक नाही. त्यामुळे एका अख्ख्या पिढीच्या कामाला खरी किंमत अशी कधी लागलीच नाही. १९८९ मध्ये राजवट गेली, खासगी लिलावघरं आली. २००४ मध्ये पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला, पगार वाढले, आणि ज्यांचे आईबाप दोन खोल्यांत राहिले त्या पोरांनी नव्या फ्लॅटच्या पांढऱ्या भिंतींकडे बघायला सुरुवात केली. जुन्या 'देसा'च्या वंशातलं 'देसा उनिकुम' आज खासगी लिलावघर आहे आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव 'पिएंक्ना'. पोलिशमध्ये त्याचा अर्थ सुंदर!

त्यानंतर डोळे फिरवणारे आकडे आले. यात्सेक मालचेव्हस्कीच्या १९०८ सालच्या 'वास्तव' या चित्राची बोली डिसेंबर २०२२ मध्ये एक कोटी सत्तर लाख झ्लॉटींवर थांबली. तामारा दे लेम्पिकाने काढलेलं मार्जरी फेरीचं पोर्ट्रेट फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनमध्ये १ कोटी ६२ लाखांहून जास्त पाउंडांना गेलं. असे आकडे वाचले की पोटात कालवाकालव होते आणि वाटतं, आपणही एक घेऊन टाकावं.

ताईचं यावर एक ठाम मत आहे. ती म्हणते, "मालचेव्हस्की वर गेला म्हणून माझ्याकडचं चित्र वर जात नाही. रिलायन्स चढला म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा गल्ला भरतो का?" तिच्या मते तेजीचं खरं इंजिन बँकांत होतं. मे २०२० ते ऑक्टोबर २०२१ पोलंडच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर होता ०.१ टक्का. एफडीत पैसा ठेवणं म्हणजे तो वाळत घालणं. मग लोक फ्लॅट, सोनं, चित्रं असं मिळेल ते घेत सुटले. सप्टेंबर २०२२ पर्यंत तोच दर ६.७५ वर गेला आणि अनेकांना बँकेचं पासबुक पुन्हा देखणं दिसू लागलं. ताईची गॅलरीवाली खरेदी नेमकी त्या गर्दीच्या शेपटाला झाली होती.

आता ते गणित, जे वाईनच्या ग्लासासोबत कुणी सांगत नाही. समजा हातोडा पडला दहा हजारांवर. त्यावर लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन, ताईच्या लिलावघरात ते वीस टक्के. झाले बारा हजार. चित्रकार हयात असेल किंवा त्याला जाऊन सत्तर वर्षं झाली नसतील, तर त्याला किंवा त्याच्या वारसांना फेरविक्रीचा हक्क म्हणून पाच टक्के. पन्नास हजार युरोंपर्यंतच्या किमतीला पोलंडमध्ये हा दर आहे, आणि बरीच लिलावघरं तो गिऱ्हाइकाच्याच बिलात घालतात. एकूण साडेबारा हजार. पुढे विकताना विक्रेत्याचं कमिशन बारा टक्के धरा. म्हणजे नुसते आपले पैसे सुटायला हातोडा १४,२०० च्या वर पडायला हवा. चित्राचा भाव बेचाळीस टक्के वाढला की तुम्ही शून्यावर! मध्ये ना व्याज, ना डिव्हिडंड. उलट फ्रेम, काच, विमा यांचा खर्च. सवलत एवढीच की खासगी माणसाने खरेदीचा महिना संपल्यावर सहा महिने थांबून वस्तू विकली तर तिथे त्या नफ्यावर इन्कम टॅक्स लागत नाही. ताईच्या कॅनव्हासच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवलाच नाही म्हणा.

ओपाउका नावाचा वेडा

शनिवारी आम्ही वूचला गेलो. पोलिश स्पेलिंग बघून आपण 'लोड्झ' म्हणू, पण म्हणायचं वूच. वॉर्साहून रेल्वेने दीडेक तास. तिथल्या 'मुझेउम श्तुकी'ची कहाणी मला जाम आवडली. स्त्शेमिन्स्की, त्याची शिल्पकार बायको कातझिना कोब्रो, मित्र हेन्रिक स्ताझेव्हस्की आणि दोन कवी अशा पाच जणांनी युरोपभरच्या चित्रकारांना सरळ गळ घातली की आम्हाला तुमचं काम भेट द्या. आणि लोकांनी दिली! फेब्रुवारी १९३१ मध्ये हा संग्रह लोकांसाठी खुला झाला, सरकारी संग्रहालयात आधुनिक कला असणं ही जगातच नवलाई होती तेव्हा. एकही पैसा गुंतवला नव्हता. पुढे १९४८ मध्ये स्त्शेमिन्स्कीने याच संग्रहासाठी लाल-पिवळ्या-निळ्या रंगांची एक खास खोली केली. ती १९५० मध्ये सरकारी आशीर्वादाने पुसून टाकली गेली आणि १९६० मध्ये पुन्हा उभी केली. मी त्या खोलीत बराच वेळ उभी होते. मला अमूर्त चित्रातलं काही कळतं असा माझा दावा नाही. पण कुणाला तरी या तीन रंगांची भीती वाटली होती, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

येताना गाडीत ताई रोमान ओपाउकाबद्दल बोलत सुटली. १९६५ साली या माणसाने कॅनव्हासच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात १ लिहिला. मग २. मग ३. आणि तो थांबलाच नाही! कॅनव्हास भरला की पुढच्यावर पुढचा आकडा. प्रत्येक कॅनव्हास त्याच मापाचा, १९६ बाय १३५ सेंटिमीटर. १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत एक टक्का पांढरा रंग जास्त, म्हणजे हळूहळू पांढऱ्यावर पांढरे आकडे. लिहिताना आकडे पोलिशमध्ये मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करायचे आणि रोज काम संपलं की स्वतःचा एक फोटो काढायचा. २०११ मध्ये तो गेला तेव्हा आकडा होता ५६,०७,२४९. शेहेचाळीस वर्षं एकच नोकरी. आपल्याला दोन वर्षांत बॉसचा कंटाळा येतो.

आयटीवाल्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं, रिशार्ड विनियार्स्की. शिक्षणाने इंजिनिअर. नाणं किंवा फासा टाकायचा आणि जो कौल येईल तसा चौकोन काळा किंवा पांढरा करायचा. शून्य आणि एक! हे तो साठच्या दशकात करत होता.

आणि आंजेय व्रुब्लेव्हस्की. युद्धानंतरची गोळीबाराची त्याची चित्रं बघताना हसू-गप्पा बंद होतात. मेलेली माणसं त्याने निळी रंगवली आहेत. कॅनव्हासची टंचाई, म्हणून कित्येक चित्रं दोन्ही बाजूंनी रंगवलेली. १९५७ मध्ये तात्रा पर्वतात एकटा फिरायला गेला आणि तिथेच मरण पावला. वय २९. मी येत्या मार्चमध्ये २९ ची होईन. माझ्या नावावर सध्या एक लॅपटॉपचा ईएमआय आहे.

पाठ बघा, पोट नंतर

लिलावाच्या आधी आठ-दहा दिवस चित्रं बघायला ठेवतात. कुणीही जावं, तिकीट नाही. मी उगाच इस्त्रीचा कुर्ता घालून गेले, तर आत पोरं पाठीवर सॅक लावून फिरत होती. ताईने तिथल्या बाईंना तारासिनचं चित्र भिंतीवरून उतरवायला सांगितलं आणि आधी त्याची पाठ बघितली. जुनं लेबल, प्रदर्शनाचा शिक्का, मागच्या मालकाची नोंद, फ्रेमच्या कडेचा पिवळेपणा. बेक्शिन्स्की, तो भुताखेतांच्या स्वप्नांसारखी चित्रं काढणारा, २००५ मध्ये स्वतःच्याच फ्लॅटमध्ये ज्याचा खून झाला, तो तर सहीसुद्धा बहुतेकदा मागेच करायचा आणि चित्राला नाव द्यायचा नाही. त्यामुळे पाठच बोलते. युद्धापूर्वीचं चित्र असेल तर आणखी एक काम. नाझींनी लुटलेल्या आणि हरवलेल्या कलावस्तूंची पोलिश सांस्कृतिक मंत्रालयाची यादी आहे, साठ हजारांहून जास्त नोंदींची. त्यात आपलं चित्र निघालं तर पैसेही गेले आणि झोपही. आणि पन्नास वर्षांहून जुनं, चाळीस हजार झ्लॉटींच्या वरचं चित्र देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. पुण्याला घेऊन यायची स्वप्नं बघण्याआधी हे बघावं.

मग तिने चित्र सरळ केलं आणि मला पुढे ढकललं. पिवळसर कागदावर काळ्या-राखाडी छोट्या आकृत्या, ओळीत मांडल्यासारख्या. अक्षरं वाटतात, पण अक्षरं नाहीत. वस्तू वाटतात, पण कुठल्या ते सांगता येत नाही. मला एकदम आजोबांच्या ट्रंकेतले मोडीतले कागद आठवले. कुणाला वाचता येत नव्हते, पण आजीने ते कधी रद्दीत दिले नाहीत.

"दिसलं ना?" ताई म्हणाली.

त्या रात्री तिने स्वतःच मावशीला फोन लावला. समजूत घालायची तिची पद्धत अजब. म्हणाली, "आई, आजी सांगायची ना वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश लोकांबद्दल? त्यांचं स्मारक आहे इथे, कोल्हापूरचं नाव असलेलं." हे खरंय. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले आणि त्याची आठवण वॉर्सात जपलेली आहे. पोलिश चित्रकारांपैकी स्तेफान नॉर्ब्लिनही त्याच युद्धात भारतात येऊन पोचला आणि जोधपूरच्या उमेदभवनात रामायण रंगवून गेला. मावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण फ्लॅटचं काय?"

लिलाव गुरुवारी संध्याकाळी. ताईचं गणित आधीच झालेलं होतं. बारा हजारांवर हातोडा पडला तर कमिशनचे चोवीसशे, वारसांचे सहाशे, बरोब्बर पंधरा हजार. तिने हातावर पेनाने १२ लिहिलं होतं, परीक्षेला कॉपी करतात तसं. हॉलमध्ये मोजकी माणसं, बाकी सगळे फोनवर आणि ऑनलाइन. प्रत्येक चित्राला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. आमचं चित्र आलं, आठ हजारांवर सुरू झालं. नऊ. दहा. ताईचा हात वर, अकरा. मग शांतता. लिलाववाला इकडेतिकडे बघतोय, मी श्वास धरलेला, आणि समोरच्या टेबलावर फोन कानाला लावलेल्या मुलीने बोट वर केलं. बारा.

पुढची बोली तेरा. तिचा हात मांडीवरून उचलला गेलेला मी बघितला. "फक्त साडेबाराशे जास्त," ती पुटपुटली. मला मावशी आठवली, तो लॅपटॉपवरचा ग्राफ आठवला, आणि ते मोडीसारखे कागदही आठवले. खरं सांगायचं तर 'घे' म्हणावंसं वाटत होतं. मी काहीच बोलले नाही. हातोडा पडला. चित्र फोनवरच्या कुणाचं तरी झालं.

ट्राममध्ये ती एक शब्द बोलली नाही. हातावरचं १२ मात्र बोटाने घासत होती.

पण न विकलेली चित्रं लिलावानंतरही काही दिवस घेता येतात, हे मला सोमवारी कळलं. त्याच लिलावात तारासिनचं एक सेरिग्राफ, म्हणजे जाळीतून छापलेलं, खाली पेन्सिलीने सही आणि नंबर असलेलं चित्र पडून राहिलं होतं. तशाच ओळी, तशाच न वाचता येणाऱ्या आकृत्या, फक्त काळ्याऐवजी निळ्या. अठ्ठावीसशे झ्लॉटी. सगळं धरून पस्तीसशे. उरलेले साडेअकरा हजार ताईने त्याच दुपारी फ्लॅटच्या खात्यात परत टाकले आणि स्क्रीनशॉट मावशीला पाठवला.

"ऐंशी हजार? छापलेल्या कागदाला?" मावशीचा फोन लगेच आला. मग जरा थांबून, "बघू, कॅमेरा जवळ ने. सरळ धरलंयस ना?"

सरळच धरलं होतं. पण ताईचा घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. करारातच लिहिलंय तसं. त्यामुळे चित्र सध्या हॉलमधल्या कपाटावर, भिंतीला टेकून उभं आहे. शेजारी तांदळाचा डबा.